नळी बघितल्याशिवाय नाही

शैला दांडेकरने आजवर एकही रिव्हॉल्व्हर हातात धरलेलं नाही. सिंगापुरात कोण धरू देणार? इथे एखादी गोळी जरी बॅगेत सापडली तरी माणसाच्या आयुष्याची वाट लागते. पण तिचं पोट मात्र रिव्हॉल्व्हरवरच चालतं. अमेरिकेतले पोलीस नवी पिस्तुलं घेताना जुनी रिव्हॉल्व्हरं बदल्यात देऊन टाकतात. तिकडचा एक व्यापारी ती घाऊक उचलतो आणि विकायला वेबसाइटवर लावतो. त्यांचे फोटो इथे सिंगापुरात, यिशुन भागातल्या एका ऑफिसात येतात, आणि कुठल्या फोटोखाली काय लिहायचं ते शैला ठरवते. माल काय आहे, किती झिजलाय, आणि मुख्य म्हणजे नळी कुठली.

नळीवरच सगळं अडतं. एक नळी निमुळती, टोकाकडे गाजरासारखी बारीक होत जाणारी. दुसरी जाड, मुळापासून तोंडापर्यंत एकसारखी. घेणारे हौशी लोक असतात. ज्याला निमुळती हवी त्याच्या घरी जाड गेली की तो आकाशपाताळ एक करतो. आता कुणी म्हणेल, यात ठरवायचं काय, मॉडेलचा नंबर बघा आणि लिहा. पण नंबर असतो फ्रेमवर, म्हणजे मधल्या सांगाड्यावर. कारखान्यातून निघताना नळी कुठली होती तेवढंच तो सांगतो. पुढे पोलिसांच्या शस्त्रागारात कधी नळी खराब झाली, तर तिथला कारागीर हाताशी असेल ती बसवून मोकळा होतो. नंबर तोच राहतो, नळी निराळीच असते.

म्हणून शैला नंबरावर विश्वास ठेवत नाही. लग्नाआधी ती खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीला होती, तेव्हापासूनची ही खोड. स्क्रीनवर फोटो मोठा करायचा, नळीच्या वरच्या कडेला स्टीलची पट्टी लावायची, मग खालच्या कडेला, आणि दोन्ही रेघा जवळ येतात का ते पाहायचं. खंडेनवमीला वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये पूजेला हीच पट्टी असते. प्रबोध, तिचा नवरा, बँकेत आहे. तो शेजारी आपला कॅल्क्युलेटर ठेवतो आणि म्हणतो, "तुझ्या शस्त्रापुढे आमचं म्हणजे अगदीच शाकाहारी."

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका तिला पिस्तुलवाली म्हणतात, पाठीमागे आणि आता तोंडावरही. गणपतीत त्यांच्यातल्या नीलिमाने विचारलंच, "शैला, अगं दुसरं काही मिळत नाही का? कुणी विचारलं तर आम्ही काय सांगायचं?"

"सांग, नळ्या ओळखते म्हणून," शैला म्हणाली आणि मोदकावर तूप वाढून घेतलं. नीलिमाला पुढे बोलायला तिने जागाच ठेवली नाही.

अशी ही बाई. ऑफिसात तिने भांडून एक गोष्ट मिळवली होती. प्रत्येक वर्णनाखाली लिहिणाऱ्याचं नाव. तिचा मॅनेजर श्रीनिवास, ठाण्याचा, वयाने बराच लहान. त्याला हे खूळ वाटत होतं. पण नाव आल्यावर तक्रारी कमी झाल्या, तेव्हा तो गप्प बसला.

आणि मग, यंदाच्या दिवाळीच्या तोंडावर, शैला चुकली.

फोटो तिरपा होता. काढणाऱ्याने मोबाइल जवळ नेऊन मुठीच्या बाजूने काढलेला. तिरप्या फोटोत सरळ वस्तूही लांब जाताना बारीक दिसते, रस्ता दिसतो तशी. शैलाच्या पट्टीने प्रामाणिकपणे सांगितलं, रेघा जवळ येतात. तिने लिहिलं, नळी बदललेली, निमुळती. माल पोचला, निघाली जाड. मूळचीच. नंबर जे सांगत होता तेच खरं होतं.

श्रीनिवासने तिला काचेच्या खोलीत बोलावलं. तो ओरडला नाही. त्याने ओरडायला हवं होतं, तिला सोपं गेलं असतं. तो अगदी समजुतीने बोलला. "शैलाताई, होतं असं. आपण लिहू की फोटो फक्त कल्पना येण्यापुरते आहेत. तुमचं नाव मध्ये येणारच नाही. फक्त यापुढे नळी नंबरावरून भरायची. आजपासून. हा नवीन आलेला सगळा लॉट संध्याकाळपर्यंत जायला हवा."

"आणि नाही भरली तर?"

"मग हे काम मला दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल," तो म्हणाला. "खरंच सांगतो, माझा इलाज नाही."

शैलाला लाज वाटत होती. खूप वाटत होती. त्या लाजेच्या आत एक राग होता, स्वतःवरचा, आणि त्याच्याही आत आणखी एक, की हा पोरगा आपल्या चुकीवर पांघरूण घालतोय आणि बदल्यात आपले डोळे मागतोय. जेवायच्या सुट्टीत तिने लेकीला, अश्लेषाला फोन केला. पोर इथल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "आई, एनीहाऊ, कसंही लिही लाह. हू केअर्स?"

"मी करते," शैला म्हणाली.

जागेवर येऊन तिने आधी ती चुकलेली नोंद उघडली. खाली लिहिलं की ही नळी मी निमुळती सांगितली होती, ती जाड आहे, तिरप्या फोटोवरून माझा अंदाज चुकला, शैला दांडेकर. आणि कुणाला न विचारता ते वेबसाइटवर चढवलं. मग लॉट काढला. सरळ आडवे फोटो होते तिथे नळी लिहिली. तिरपे होते तिथे लिहिलं, फोटोवरून सांगता येत नाही. अशा नोंदी निम्म्याहून जास्त झाल्या.

श्रीनिवास स्क्रीन बघून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. "ताई, हे काय? सांगता येत नाही म्हणून कुणी काही विकतं का?"

"मला दिसत नाही ते मी दिसलं म्हणणार नाही. एकदा म्हटलं, त्याचं फळ मिळालं."

"पण परवाच्या त्या तक्रारीत नंबर बरोबर होता."

"होता. त्याच्या आधी कितीदा चुकला ते तुला माहीत आहे, तक्रारी तूच मिटवल्यास. मी चुकले म्हणून नंबर शहाणा होत नाही. तिकडच्यांना सांग, नळीचे फोटो बाजूने, सरळ काढून पाठवा. तोवर मी रिकाम्या जागा भरणार नाही. काम काढून घ्यायचं असेल तर घे."

"मग मीच भरतो," तो चिडून म्हणाला. त्याने तिची खुर्ची बाजूला केली, वाकून कीबोर्ड ओढला आणि पहिल्या रिकाम्या नोंदीत नंबरावरून टाइप केलं, जाड. खाली नावाची चौकट होती.

"माझं टाकायचं नाही," शैला म्हणाली.

त्याने स्वतःचं नाव टाइप केलं. शेवटचं अक्षर झाल्यावर थांबला. फोटो मोठा केला, मान तिरकी करून बघितला, आणखी मोठा केला. शैलाला मध्येच बोलायची फार इच्छा होती. मग त्याने नाव एकेक अक्षर करून पुसलं, आणि वरचं "जाड"ही पुसलं.

"तिकडे मेल करावा लागेल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "फोटो नेमके कसे हवेत ते तुम्हालाच कळतं."

"मेल मी लिहिते," शैला म्हणाली. "खाली नाव तुझं घालायचं."