नाल्यावरचं बोर

माझ्या लेकीला हे ठाऊक नाही. भावाला नाही. जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. चुडाव्याच्या स्टेशनावर बोरांची पाटी घेऊन बसणारी, आगगाडी सुटता सुटता खिडकीतल्या गिऱ्हाइकाशी भांडून आपलाच भाव घेणारी बाई मी — माझं तोंड कधी कुणापुढे बंद पडलं नाही. या एका गोष्टीपुढे पडलं. तुम्ही परके आहात, म्हणून कदाचित सांगता येईल. बघू.

आधी बागेचं सांगते. — बघा, लगेच बागेकडे वळले. दर वेळी असंच होतं.

माझ्या आजोबांनी आमच्या माळावर बोराचं एकच झाड राखलं होतं. फळ लांबट, पिकलं की नुसतं मध. बाकी माळ म्हणजे दगड आणि गावरान बोरीची काटेरी झुडपं. वडील गेल्यावर सगळी जमीन धाकट्या भावाच्या, किसनच्या नावावर झाली. मी नवऱ्याच्या माघारी कडेवर लेक घेऊन माहेरी आलेली. किसननं मला तो माळ दिला — तोंडी. मी म्हणाले, सातबाऱ्यावर नाव लाव. तो हसला. "आक्का, भाऊ जिता हाय की तुजा. बाईमाणसाला कागद कशाला लागतोय?"

ते हसणं मी अजून सोडलेलं नाही. खरं तेच सांगते. आणि ते हसणं होतं म्हणूनच मी — नको. कारण सांगायचं नाही असं ठरवून बसले आहे.

बहात्तरच्या दुष्काळात सगळं करपलं, तेव्हा माळावरची ती काटेरी झुडपं तेवढी हिरवी राहिली. तिथं मला सुचलं. परभणीजवळच्या एका रोपवाटिकेत निंदायला जात होते, तिथल्या माळ्याकडून डोळा भरायला शिकले. डोळा म्हणजे चांगल्या झाडाच्या काडीवरचा, फुटायच्या आधीचा कोंब. गावरान बोरीच्या सालीला चीर द्यायची, त्यात तो बसवायचा, केळीच्या सोपटानं बांधायचं. दोन वर्षांत त्या काटेरी झुडपाला आजोबांच्या झाडाची फळं.

हे मी एकटीनं केलं असं जगाला सांगत आले. तेही खोटंच. किसनची बायको सुभद्रा माझ्याबरोबर होती. लग्नाला आठ वर्षं झालेली, पोटी मूल नाही. गावातल्या बायका तिला डोहाळजेवणाला बोलवायच्या नाहीत. माझ्या माळावर मात्र ती मोकळी व्हायची. भुरभुर पाऊस, डोक्यावर पोत्याची खोळ, चीर मी द्यायची, बांधायचं तिनं. दोघींची बोटं काट्यांनी फाटलेली. "आक्का, तुमी बोरीशी बी घासाघीस करायलाव की! एक डोळा घे अन् चार फांद्या दे म्हणताव!" आयुष्यात मी इतकी कुणाबरोबर हसले नाही. आजही पाऊस असा भुरभुरला की हात आपोआप थांबतो. वाटतं, समोरून कुणीतरी सोपटाची पट्टी पुढं करील.

दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या पाट्या भरल्या. ते बघून सुभद्रेनं घराजवळच्या कापसाच्या तुकड्यात खड्डे करून बोरीच्या बिया टोचल्या. किसनला तिनं कसं राजी केलं, कोण जाणे. वर्षभर डोक्यावरून पाणी नेऊन घातलं. रोपं बोटाएवढी जाड झाली आणि पावसाळ्यातल्या एका सकाळी ती ओलं फडकं घेऊन माझ्याकडे आली. "आक्का, आजोबाच्या झाडाच्या काड्या द्या. आज डोळे भरू."

आदल्याच दिवशी मी किसनकडे पुन्हा सातबाऱ्याचं काढलं होतं. पारावर चार माणसं बसलेली. त्यांच्याकडे बघत तो म्हणाला, "बघा, बोरं इकून इकून आक्का जमीनदार व्हायलीय." सगळे हसले.

त्यात सुभद्रा कुठं होती? कुठंच नव्हती.

माळाच्या टोकाला, नाल्यावर, आणखी एक बोर होतं. पान तसंच, काडी तशीच, फळही तसंच लांबट — पण तुरट, जिभेला चिकटून बसणारं. शेळ्यासुद्धा चघळून टाकायच्या. मी सुभद्रेला म्हणाले, "तू बस. काट्यात कशाला येतीस? मी आणते." आणि मी नाल्याकडे गेले.

सांगितलं. एवढंच होतं.

तिनं त्या काड्या ओल्या फडक्यात तान्ह्या बाळासारख्या गुंडाळल्या. डोळे आम्ही दोघींनीच भरले. चीर मी दिली. ती रोजच्यासारखी बडबडत होती, आणि मी रोजच्यासारखी हसत होते. हसले कशी? हे मला अजून कळलेलं नाही.

रागाच्या भरात झालं असेल, असं तुम्ही म्हणाल. माझा राग चुलीवरच्या दुधासारखा, चढतो तसा उतरतो. तोही संध्याकाळपर्यंत उतरला होता. तेव्हा सांगता आलं असतं. पंधरा दिवसांनी डोळे लागले, म्हणून ती धावत सांगायला आली — तेव्हा सांगता आलं असतं. पुढच्या पावसाळ्यात छाटून चांगले डोळे भरता आले असते; चार दुपारींचं काम. मी काय केलं? उन्हाळ्यात, कुंपणाला काट्या हव्यात म्हणून, नाल्यावरचं बोर बुडापासून तोडलं.

त्याच वर्षी सुभद्रेला दिवस गेले. लेक झाली. "झाडं लागली अन् माजी कूस बी उजवली, आक्का." संक्रांतीला लेकीचं बोरन्हाण आपल्याच झाडांच्या बोरांनी घालायचं, असा तिनं पण केला. पहिल्या बहराचं एकही फळ तिनं तोंडात घातलं नाही, कुणाला घालू दिलं नाही. आधी लेकीच्या डोक्यावरून, मग सगळ्यांच्या तोंडात.

पाटावर पोर बसवली. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार. सुभद्रेनं बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे तिच्या डोक्यावरून ओतले आणि गावची पोरं वेचायला तुटून पडली. मी दारात उभी होते. एका पोरानं बोर चावलं आणि थुंकलं. मग दुसऱ्यानं. अंगणभर थू थू झालं. चुरमुरे संपले, ऊस संपला; बोरं जिथल्या तिथं पडून राहिली. एक म्हातारी म्हणाली, "आपला हात बघून झाडं लावावीत, बाई."

सुभद्रेनं खालचं एक बोर उचललं, चावलं, आणि सगळं खाल्लं. मग सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं, कळलं हिला. आणि बरं वाटलं — आता भांडेल, आणि भांडणात मी कुणाला हार जात नाही. ती हळूच म्हणाली, "लेक झाली तरी हात वांझोटाच ऱ्हायला माजा, आक्का. तुमी एवढे चांगले डोळे दिले."

मी म्हणाले, "काळ्या रानात बोर असंच होतं."

किसननं झाडं उपटली, पुन्हा कापूस लावला. सुभद्रेला मी म्हणाले, चल, माळावर पुन्हा भरू. ती आली नाही. पुढं कधी आली तरी हात पाठीमागं धरून झाडांमधून चालायची, चुकून फांदीला लागू नये म्हणून. दारात तुळससुद्धा तिनं शेजारणीकडून लावून घेतली. मी एका हातानं चीर धरून दुसऱ्यानं बांधायला शिकले. जमतं. पण एकटीच्या बांधण्यात हसू येत नाही.

सातबारा पुढं झाला माझ्या नावावर, भांडून केला. आता बाग लेकीची आहे, माळभर आहे, आणि तिच्यातलं प्रत्येक झाड आजोबांच्या झाडाचं.

सुभद्रा गेली त्या हिवाळ्यात, ती अंथरुणावर असताना, पहिल्या तोड्याची बोरं घेऊन मी तिच्याकडे गेले. घरात आम्ही दोघीच. तिला चावत नव्हतं, तिनं एक नुसतं गालात धरून ठेवलं. मग म्हणाली, "तुमच्या हाताला लय गुण हाय, आक्का."

मी तिच्या उशाशी बसले होते. मी म्हणाले, "हाय खरं."