दाणे बघून जेवणारी पोर

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती जायच्या आधी तिच्या कानाशी तोंड नेलं होतं — म्हटलं, आता तरी सांगून टाकावं, ती काय उठून कुणाला सांगणार आहे? पण तोंडातून "पाणी पायजे का" एवढंच निघालं. तिनं नको म्हणून मान हलवली. ते तिथंच राहिलं. आज तुला सांगतोय, गड्या. तू मला ओळखत नाहीस — म्हणून जमेल असं वाटतंय. बघू.

माझं शिक्षण चौथी, तेही धड नाही. शाळेच्या वेळेला मी मेंढरांमागं असायचो. माण तालुक्यात आमची वस्ती — कुसळं आणि दगडं. पण मला एक गोष्ट येत होती, आणि तिच्यामुळं माझी मान कायम ताठ असायची. मटणाचा घास तोंडात गेला की मी सांगायचो — मेंढरू का बोकड, केवढ्याचं, रानात चरलेलं का दावणीला बांधलेलं. जत्रेत लोक मुद्दाम माझ्यापुढं वाढायचे आणि म्हणायचे, "सांगा आबा." मी सांगायचो. कुणी कधी खोडून काढलं नाही. गरीब माणसाला मिरवायला एवढं पुष्कळ झालं.

म्हातारपणी आम्ही दोघं पोराकडं राहायला आलो, मलकापुरात. पोरगा दत्ता शिरवळला कंपनीत, शनिवारी घरी यायचा. घर सगळं सून वैशाली बघायची. ती मला मामा म्हणते, आमच्यात सासऱ्याला तसंच म्हणतात. नात अनू तेव्हा पहिलीत. येताना मी एक शेळी आणली होती, ती परसात व्याली. करडू बोकड निघालं, रंग अगदी खारकेचा. अनूनं त्याचं नाव ठेवलं खारक्या. शाळेतून आली की दप्तर पायरीवर आणि पोरगी परसात. पुढं शेजारपाजारचे वासाची कुरकुर करायला लागले, तेव्हा माझा धाकटा भाऊ गाडी घेऊन आला आणि दोन्ही जनावरं वस्तीवर घेऊन गेला. अनू लय रडली. मीच समजूत काढली — सुट्टीत जाऊ बघायला.

हे नीट ध्यानात ठेव. खारक्या वस्तीवर होता. चरत होता, जिवंत होता.

मग दत्ताच्या रक्तात चरबी निघाली. डॉक्टर म्हणाला मटण कमी करा. सुनेनं ते मनावर घेतलं. मटण महिन्यातून एकदा, आणि बाकी रोज संध्याकाळी पोरीच्या अंगाला लागेल असं काहीतरी. शेजारच्या काकू सांगलीकडच्या, जैन — त्यांच्याकडून ती डाळी-कडधान्यांचं बरंच शिकून आली. मुगाची धिरडी, आत पनीर किसून. हरभऱ्याची कटलेटं. मटकीची उसळ भरून चपातीची गुंडाळी, अनू तिला रोल म्हणायची. पोरगी बोटं चाटायची. आणि मी? मी रोज म्हणायचो, "हे शेरडांचं खाणं झालं." पण ताट पुसून खायचो. चांगलं लागायचं — हेही आजच कबूल करतोय.

एका रविवारी व्याही आले, तासगावकडचे, सुनेचे वडील. ताटात तांबडा रस्सा, वर तवंग, खोबरं-तीळ भाजून केलेलं वाटण. वासानंच मी खूष झालो. म्हटलं, बापासाठी का होईना, सुनेनं मटण केलं. दात तेव्हाच निम्मे गेले होते. एक तुकडा चावला, रस्सा भुरकला, आणि कुणी न विचारताच बोललो —

"कोवळा बोकड हाय. वरसाच्या आतला. आन् रानात चरल्याला."

 मग अनू ताटावरून उठून नाचायला लागली. "आबा फसले, आबा फसले! सोयाबीनच्या वड्या आहेत त्या."

व्याही पोट धरून हसले. "पाव्हणं, आता बोकड किराणा दुकानात पुडीत मिळतोय म्हणा की. रानात चरल्याला."

दत्ता हसला. बायको पदर तोंडाला लावून हसली. सून तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "मामा, राग मानू नका. तुमच्या तोंडाला लागावं म्हणून मुद्दाम तसा मसाला केला." ती खरं बोलत होती, ते मला तिथंच कळलं. पण कळून काय उपयोग? मी हात धुतला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

दुसरा कुणी असता तर दोन दिवसांत विसरला असता. मी का विसरलो नाही? आयुष्यभर जे एकच मिरवलं, ते एका पुडीतल्या वडीनं काढून घेतलं म्हणून? असेल. त्यात अनू विसरू देईना. लहान पोर, तिला गंमत. गल्लीत सांगितलं, शाळेत सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं — आमच्या आबांना सोयाबीन ओळखता येत नाही.

आता ते सांगतो.

पुढल्या आठवड्यात सुनेनं पुन्हा त्याच वड्या केल्या, पोरीनं मागितल्या म्हणून. ताटं आम्हा दोघांचीच मांडलेली होती, सून गॅसपाशी भाकरी भाजत होती. अनूनं एक वडी बोटांत धरून माझ्यापुढं नाचवली. "आबा, ओळखा बघू."

मी वाकून तिच्या कानात म्हणालो, "मी फसलो न्हाई. ते मटणच हाय. तुझी आई खोटं सांगती."

ती हसली. मग हसू थोडं कमी झालं. "कुणाचं?"

गड्या, काहीही सांगता आलं असतं. बाजारचं म्हणालो असतो. चेष्टा केली म्हणालो असतो. तिनं विचारलं कुणाचं — आणि मी म्हणालो, "तुझ्या खारक्याचं. आईला इचारू नको. तिला वाईट वाटंल."

तिच्या तोंडात घास होता. तो तिनं गिळला नाही आणि थुंकलाही नाही, गालात धरून ठेवला. माझ्याकडं बघत राहिली. मग उठून मोरीत गेली आणि किती वेळ चुळा भरत होती. आतून सून म्हणाली, "अगं, किती पाणी सांडशील?" मी जेवत होतो. खरं सांगू? मला तेव्हा बरं वाटलं. फिटंफाट झाली, असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती जेवेना. धिरडं पुढं आलं की फाडून आत बघायची. कटलेटं कुस्करायची. पनीर बाजूला. काय केलंय, काय घातलंय, असं आईला विचारायची आणि आईनं सांगितलं की माझ्याकडं बघायची. मी खाली बघायचो. दत्ता शनिवारी आला की सुनेवर ओरडायचा, "तुझ्या असल्या परयोगांनी पोरगी वाळली." एकदा तो मुद्दाम मटण घेऊन आला, तर पोरीला वासानंच उलटी झाली. सून तिची पाठ चोळत बसली. आणि मी कोपऱ्यातून काय म्हणालो? "मी आधीच सांगत हुतो." असं म्हणालो मी. ह्याच तोंडानं.

सून बिचारी काय काय समजत होती. तिला वाटलं, पोरीला खारक्याची आठवण येते. म्हणाली, "परीक्षा झाली की वस्तीवर जाऊ. खारक्याला बघू. मग नीट जेवशील ना?"

अनूनं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात — कसं सांगू — आशा होती. आबांचं खोटं निघावं असं तिला मनापासून वाटत होतं.

खोटं निघालं असतं तर काय झालं असतं? पोरगी खारक्याच्या गळ्यात पडली असती. दोन दिवस माझ्याशी बोलली नसती. सुनेनं माझ्याकडं एकदा बघितलं असतं. बस, एवढंच. एवढंच मला सोसवलं नसतं.

चैत्रातली आमच्या देवाची जत्रा आली. मी एकटाच पुढं गेलो, पोरीची परीक्षा संपली की बाकीचे येणार होते. भाऊ म्हणाला, "दादा, बोकड कुठला धरू? तू सांगशील तो." दरवर्षी मीच दाखवायचो. मेंढरांच्या वाड्यात चार-पाच बोकड होते. खारक्या मला बघून पुढं आला. हातात भाकरीचा तुकडा असेल असं त्याला वाटलं असेल, मलकापुरात मी द्यायचो.

मी त्याच्यावर बोट ठेवलं.

भाऊ म्हणाला, "आरं, ह्यो कशाला? पोरीचा हाय न्हवं ह्यो? त्यो काळा मोठा हाय, त्यो धरू की."

मी म्हणालो, "ह्योच."

तो पुन्हा म्हणाला, "दादा, ती आल्यावर इचारंल की."

"ह्योच धर म्हणतोय न्हवं मी."

बघितलंस? खोटं मी आधी बोललो, आणि मग ते खरं करून घेतलं. पंगतीत मला थोरला म्हणून नळी वाढली. समोरच्यानं नेहमीसारखं विचारलं, "सांगा आबा, केवढ्याचं?" मी घास चावला. कोवळं होतं. वर्षाच्या आतलं, रानात चरलेलं. सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच. मी काही बोललो नाही. लोकांना वाटलं, म्हातारा दमला.

मलकापूरची मंडळी आली तेव्हा भावजयीनं सुनेला बाजूला घेऊन सांगितलं — जत्रेला कापला. सून तिथंच मटकन बसली. मग डोळे पुसून उठली, पोरीपाशी गेली आणि म्हणाली, "खारक्या आता मोठा झाला ना, दुसऱ्या कळपाबरोबर लांब चरायला गेलाय." काय करणार ती? पोरीला जपायला बोलली. जन्मात एकदाच ती पोरीशी खोटं बोलली, आणि पोरीनं तेवढंच ओळखलं.

अनू आईचा हात सोडून माझ्याकडं आली आणि तिनं माझं बोट धरलं. जे बोट मी खारक्यावर ठेवलं होतं, तेच. सगळ्या जगात खरं बोलणारा एक मीच उरलो होतो तिला. संध्याकाळपर्यंत तिनं ते सोडलं नाही.

पुढं पोरगी जेवायला लागली. कशी, तेही सांगतो. एकदा सुनेनं अख्खा मसूर केला — कांदा, टोमॅटो, लसूण, वर तुपाची धार. न घोटता. अनूनं चमच्यानं ताटात तो पसरला. दाणा दाणा बाजूला केला, खालचं ताट दिसेपर्यंत. मग एक दाणा खाल्ला. मग दुसरा. दाण्याच्या आत काही लपवता येत नाही, असं तिच्या मनानं घेतलं असणार. तेव्हापासून तिला जे अख्खं दिसतं तेच ती खाते. मसूर, मटकी, हरभरे, उकडलेले शेंगदाणे. वाटलेलं नाही, कुस्करलेलं नाही, आत भरलेलं नाही. सुनेला एवढ्यानंही आभाळ ठेंगणं झालं. गल्लीतल्या बायका तिला विचारायला येतात, "वैशाली, तुझी पोरगी कडधान्यं कशी गं खाते? आमची तर तोंड फिरवतात." ती कौतुकानं सांगते — असं भिजवा, एवढ्या शिट्ट्या करा, वरनं लिंबू पिळा. मी ओट्यावर असतो. ऐकतो.

दृष्टी आता गेल्यातच जमा आहे. संध्याकाळी जेवताना मला पोरीचं तोंड दिसत नाही, पण तिच्या चमच्याचा आवाज येतो. ताटात दाणे पसरल्याचा. आधी थोडा वेळ तो आवाज, मग ती जेवायला लागते. एक दिवस चुकलेला नाही. आता ती दहावीला आहे, उंच झाली आहे, म्हणतात आजीवर गेली आहे. विसरली असेल का ती? मला कळत नाही. विचारलेलं नाही.

मला आता एकही दात नाही. माझं ताट अनूच करते. भाकरी चुरते, त्यावर मसूर घालते आणि हातानं बारीक कुस्करते — स्वतः जे कधी खाणार नाही ते. चमचा माझ्या ओठाशी आणते. त्यात काय आहे ते मला दिसत नाही. चवही आता फारशी कळत नाही.

ती रोज एकच वाक्य म्हणते. आवाज चढवत नाही, हसत नाही.

"खा आबा. त्यात काही नाही."

मी तोंड उघडतो.