झाडामागे काही नको

गोपीनाथकाका लिफ्टमध्ये शिरले की आधी मोटरचा आवाज ऐकत. चहा स्टीलच्या मगात, तोही उभ्याने. फ्रिजजवळून जाताना त्याला तळहात लावायचे, लेकराचा ताप बघावा तसा. चष्म्याच्या काडीचा स्क्रू दर रविवारी घट्ट करायचे, सैल असो वा नसो. आणि फोटो काढताना श्वास रोखायचे.

या शेवटच्या सवयीचं कारण त्यांनीच मुकुलला सांगितलं होतं. आयुष्य जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेलं. डेकवर ट्रायपॉड लावला तर इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. म्हणून कॅमेरा हातात, कोपर बरगडीला टेकवून, श्वास बंद. "आपणच स्टँड व्हायचं," ते म्हणायचे.

मुकुल त्यांच्या सिंगापुरातल्या बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत भाड्याने राहायचा. साहित्यात एम.ए., नोकरी पाया लेबारच्या एका ऑफिसात जाहिराती लिहिण्याची. काका त्याला साहित्यिक म्हणत आणि भांडी घासायला लावत.

जानेवारीत काकांच्या फोनवर एक फोटो आला. कॅनडातल्या बर्फाच्या माळावर एकटं, निष्पर्ण झाड. मागे नुसता पांढरेपणा. पाठवणारी त्यांची मुलगी, अनुजा. आई गेली तेव्हा बाबा समुद्रावर होते. त्यावरून दोघांत नको ते बोलणं झालं आणि मग बोलणंच संपलं. दोन वर्षांत हा पहिला मेसेज. सोबत एक शब्द नव्हता.

"काहीतरी लिहा ना तिला," मुकुल म्हणाला.

"शब्दांनीच घात केला आमचा. तिनं झाड पाठवलं, मी झाडच पाठवणार. पण तसंच हवं. मागे काही नको."

आता सिंगापुरात असं झाड आणायचं कुठून? घरासमोर जुनी शाळा पाडून मोकळं केलेलं मैदान होतं. मधोमध एक रेन ट्री तेवढा उरला होता. पण कुठूनही बघा, मागे इमारतींचे ब्लॉक, बांबूवर वाळणारे कपडे, नाहीतर एलआरटीची गाडी. काका महिनोन्महिने त्या झाडाला प्रदक्षिणा घालून मान हलवत परत यायचे.

सप्टेंबरात समुद्रापलीकडची जंगलं पेटली आणि हेझ आला, त्या वणव्यांचा धूर. धुराने एकेक ब्लॉक पुसत नेला. झाड एकटं उरलं.

"बर्फ पडला बघ, साहित्यिका," काका खिडकीतून म्हणाले.

त्यांची फुफ्फुसं इंजिनरूमने आधीच खाल्ली होती. धुरात पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले, काका?"

"धूर टाळा म्हणाले. झाड टाळा नाही म्हणाले."

"चेष्टा नको. मी काढतो फोटो. तुम्ही बसा घरात."

"मुलगी तुझी आहे का?"

मुकुल मास्क शोधायला उठला.

काका रोज सकाळी जायचे. मुकुलने बांधलेला मास्क दाराबाहेर खिशात जायचा. श्वास रोखला की छातीतून खोकला उसळायचा. प्रत्येक फोटो हललेला. एका संध्याकाळी ते कॅमेरा मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले.

"अरे, श्वास धरवत नाही आता."

मुकुलने आपला ट्रायपॉड आणून टेबलावर ठेवला. "हे जहाज नाही, काका. जमीन हलत नाही."

काकांनी त्याचे पाय उघडून, मिटून पाहिले. "बरं. पण बटण मी दाबणार."

"तुम्हीच दाबा. उद्या ऑफिसातून लवकर येतो, मास्क लावून सोबत जाऊ. तोवर बाहेर पडायचं नाही."

"येस सर."

काकांनी शब्द पाळला. बाहेर पडले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी घरातच त्यांना धाप लागली. कसंबसं दार उघडलं, तेव्हा शेजारच्या आंटीने ॲम्ब्युलन्स बोलावली. मुकुल हॉस्पिटलात पोचला तर काकांच्या तोंडात नळी होती. त्याने अनुजाला फोन लावला.

"बोलू शकतात का ते?" तिने विचारलं.

"नाही."

ती म्हणाली, "निघते मी."

ती विमानात असतानाच काका गेले. त्याच दिवशी जोराचा पाऊस झाला आणि धूर बसला.

तिच्यासाठी खोली आवरायला मुकुल घरी आला. खिडकीतून झाड दिसत होतं. मागे सगळे ब्लॉक धुतल्यासारखे उभे. लोकांनी कपडेही वाळत घातले होते. टेबलावर कॅमेरा पालथा होता. ट्रायपॉडवर अडकवायची पट्टी त्याच्या तळाशी बसवायला घेतलेली. शेजारी स्क्रू फिरवायला काढलेलं नाणं. स्क्रू अर्धाच आत गेला होता.