पाळकसाहेब ऐकता ऐकता गेले

साळवे पाळक आज सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या गेले, आणि समोरची म्हातारी बोलतच राहिली.

तिला कळलंच नाही. तिला वाटलं, ऐकतायत.

फोनवरच लिहितोय. टायपिंग चुकलं तर समजून घ्या.

मी संगमनेरला होतो. हल्ली दुधाच्या टेम्पोवर आहे. त्याआधी केडगावला टायरच्या दुकानात, त्याआधी... जाऊ दे, ते सांगत बसलो तर साहेब राहतील बाजूला.
क्रेट उतरवत होतो, फोन वाजला. चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी, योसेफभाऊ.

"पप्या, साहेब गेले."

मी विचारलं, "कुठं?"

खरंच विचारलं. कारण ते सारखे कुठंतरी गेलेलेच असायचे.

बेलापूरच्या अलीकडं एक छोटं चर्च आहे, तिथले ते पाळक. मी चर्चचा नाही. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. मी तिथं पहिल्यांदा गेलो ते मजूर म्हणून, चर्चचा स्लॅब टाकायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅब एकदा सुरू केला की मध्ये थांबवत नाहीत. थांबला की जोड पडतो.
आणि जोड गळतो. कायमचा.

त्या दिवशी मी भरलेलं घमेलं हातात घेऊन वर फिरणारी घार बघत उभा राहिलो. होतं माझं असं. ठेकेदारानं सगळ्यांसमोर थोबाडीत दिली, वर आईवरून बोलला.
मी घमेलं फेकलं आणि चालायला लागलो.

साहेबांनी मिक्सर बंद केला. स्वतःच्या हातानं.

ठेकेदार म्हणाला, "अवो साहेब, अर्धा स्लॅब पडलाय. एका पोरासाठी?"

"आधी त्याची माफी माग. मग मशीन."

ठेकेदारानं काही माफी मागितली नाही. माणसं गोळा केली आणि निघून गेला.

हे सगळं मला नंतर कळलं. मी तोवर रस्त्याला लागलो होतो. मागून सायकल आली.

"कुठं निघाला?"

"माहीत न्हाई."

"मग घाई कशाची? चल, रस पिऊ."

रसवंतीत बसलो. मी बडबडत सुटलो. आई, शाळा, ती घार, काय काय. ते ऐकत होते. तिकडं सिमेंट वाळत होतं आणि हा माणूस घड्याळसुद्धा बघेना.

शेवटी मीच म्हणालो, "साहेब, तुमचा स्लॅब."

"सिमेंट बघायला दुसरा ठेकेदार मिळंल. मला चर्चच्या मंडळीनं माणसं बघायला ठेवलंय."

"मी कुठं तुमच्या मंडळीतला?"

"म्हणून काय रस निम्मा देऊ?"

पुढं दुसऱ्या गँगनं उरलेला स्लॅब टाकला. पण जोड पडला तो पडलाच. दर पावसाळ्यात बरोबर साहेब उपदेशाला उभे राहायचे तिथंच गळायचं.
कमिटीवाले चिडवायचे, "साहेब, पप्या गळायला लागला."
ते बादली सरकवायचे आणि उपदेश पुढं चालू.

योसेफभाऊ मात्र खरंच वैतागायचे. मीटिंग ठेवावी, सगळे जमावेत, आणि साहेब वाटेत कुणाच्या तरी ओट्यावर सापडावेत. "चर्च चालवायचं का गप्पा मारायच्या?" असं तोंडावर म्हणायचे.

आजही मीटिंग होती.
वाटेत राहेलआजीनं हाक मारली. साहेब तिच्या अंगणात बसले.
तिथंच.

मी पोचलो तेव्हा दुपार झालेली. योसेफभाऊ मंडप, खुर्च्या, कबर, सगळं पळून पळून बघत होते. डोळे लाल, पण रडायला सवड नाही. मला बघून म्हणाले, "म्हातारीनं बसवून ठेवलं रे. मीटिंगला आले असते तर आमी दवाखान्यात तरी नेलं असतं."

हेच आजीच्या कानावर गेलेलं. ती दार लोटून आत बसली होती. दफनाला येणार नाही म्हणत होती.

मी आत गेलो.

"म्या मारलं रं त्यांला," आजी म्हणाली. "माझी जीभ थांबली न्हाई."

असल्या वेळी मी सटकतो, सगळ्यांना माहीत आहे. पाय नुसता हलत होता. तेवढ्यात चर्चची घंटा झाली. म्हणजे साहेबांना दफनाला उचललं.

मी म्हणालो, "आजी, काय सांगत हुता त्यांला?"

"आता काय करायचंय ते."

"सांगा तरी."

आजी माझ्याकडं वळून बसली. मग सांगितलं. मुलगा आणि सून पुण्याला बिऱ्हाड हलवतायत. नातवाला घेऊन. 'तूही चल' असं तिला कुणी म्हटलेलं नाही. आपण होऊन विचारायची तिला लाज वाटते. साहेबांनी मुलाजवळ विषय काढावा, एवढंच सांगत होती.

(हे इथं लिहू का, विचारलं मी तिला. "लिव्ह की. आळीत समद्यांना म्हाईत हाय, माझा पोरगा सोडून.")

बाहेर गाण्याचा आवाज लांब लांब जात होता. मी उठलो नाही. कसा काय, देव जाणे.

आजी म्हणाली, "त्यांनी ऐकलं असंल का रं?"

हो म्हणता आलं असतं.

"ठाऊक न्हाई आजी. पण उठून तर गेले न्हाईत ना."

तेव्हा ती रडली. सकाळपासून पहिल्यांदा. मग पदर डोक्यावर घेतला.
"चल," म्हणाली.

आम्ही पोचलो तोवर कबर निम्मी बुजली होती. योसेफभाऊंनी आजीला बघितलं. तिचा हात धरला आणि पुढं जागा करून दिली. तिनं मूठभर माती टाकली.

तिचा मुलगा तिथंच उभा होता. मी त्याच्याजवळ गेलो.
"दादा, जरा बसू या का? आजीचं बोलायचंय."

"आत्ता?"

"व्हय. आत्ताच."

माझा टेम्पो कधीच गेला. आज मुक्काम इथंच.

साहेब, निवांत जा.
सुमंत साळवे पाळकांना शेवटचा सलाम.