कारखान्याचा फुलबॅक

नगरच्या छावणीत माझे वडील लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. जवानांनी टाकून दिलेल्या काठ्यांवर मी हॉकी शिकलो. खेळायचो फुलबॅक. गोलकीपरच्या पुढं उभं राहायचं, येईल त्याला अडवायचं, चेंडू लांब फटकवायचा. त्याला अक्कल फारशी लागत नाही, नडगी जाड लागते. ती माझी होती.

एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी मला एका सामन्यात पाहिलं आणि नोकरीला लावलं. कागदावर मी टाइमकीपर, म्हणजे कामगारांची हजेरी मांडणारा, होतो. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ मैदान आणि दुपारी झोप. इतर कारखान्यांचे कबड्डीचे संघ होते. आमच्या साहेबांना हॉकीच हवी होती, कारण हॉकीला लष्कराचे अधिकारी येतात आणि फोटो झकास येतात. खेळातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या हंगामानंतर मला बोलावून म्हणाले, "वर्षभर पगार घेता, अन् एक गोल न्हाई?"

फुलबॅकचं काम गोल करणं नव्हे, हे सांगायची माझी छाती झाली नाही. "पुढच्या वर्षी करतो, साहेब," म्हणालो.

संघात खरा खेळाडू एकच, आमचा गोलकीपर. नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्याच्या डोंगरातला, पलटणीतून निवृत्त झालेला, चाळिशी उलटलेला. मी त्याला दादा म्हणायचो. माझ्या हातून सुटलेले चेंडू तो निमूट अडवायचा. बाकीचे कुणाचे भाचे, कुणाचे मेहुणे. धावताना दोन्ही हातांनी चड्डी सावरणारे.

दुष्काळाच्या वर्षी एक मंत्री दौऱ्यावर येणार होते. साहेबांनी लष्कराच्या संघाशी सामना ठरवला. पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर धूळ बसू नये म्हणून मैदानावर पाणी मारायला टँकर आणवला. पलीकडच्या रस्त्यावर दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत होत्या. टँकर दिसताच त्या हंडे, डबे, मिळेल ते घेऊन धावत आल्या. ड्रायव्हर त्यांना हाकलू लागला.

दादा म्हणाला, "ग्राउंडाला कशाला पानी पाजता? ते काय तहानलंय?" आणि त्यानं नळ सोडला. हंडे उचलून द्यायला मीही पुढं झालो. एका म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, "तुमी काय काम करता, बाबा?"

"खेळतो."

"आन त्याचा पगार मिळतो?" ती इतकी हसली की हंडा हिंदकळला.

संध्याकाळी साहेबांनी आम्हा दोघांना ऑफिसात उभं केलं. मैदान अर्धं कोरडंच राहिलं होतं. "नळ कुणी सोडला?"

"मी," दादा म्हणाला.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही काय करत होता?"

"बूट बांधत होतो, साहेब. माझं लक्ष नव्हतं."

दादानं माझ्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "खरं हाय, साहेब. ह्यो बूटच बांदत हुता." त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. एस.टी.पर्यंत पोचवायलासुद्धा मी गेलो नाही.

सामन्याला गोलमध्ये साहेबांचा पुतण्या उभा राहिला. आयुष्यात तो फक्त क्रिकेट खेळला होता. लष्कराचा पहिलाच हल्ला मी अडवला, तेवढ्यात हे महाशय मागून धावत आले आणि काठी बॅटीसारखी फिरवली. चेंडू चुकला, माझा गुडघा सापडला. तो तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. मंत्री त्याआधीच फोटो काढून निघून गेले होते.

त्यानंतर मी खरोखरचा टाइमकीपर झालो. संघ मोडला आणि साहेबांनी बँडपथक काढलं.

चालता यायला लागल्यावर एकदा अकोल्याला गेलो. दादा भाताच्या खाचरात होता. चिखलाचे हात धुऊन त्यानं आधी माझा गुडघा चाचपला. "नीट जुळला न्हाई," म्हणाला. मला घरी नेऊन जेवायला वाढलं. माफी मागायची म्हणून वाटभर वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही तोंडून निघालं नाही. भात मात्र दोनदा मागून घेतला.