दिल्लीच्या आधी विष्णुपुरी

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारपेठेत रईसाबीचं पिशव्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, तर नवऱ्याच्या, मुज्तबाच्या, सीटकव्हरच्या दुकानातला अर्धा भाग. एक शिलाई मशीन, रेक्झिनचे गुंडाळे आणि भिंतीवर टांगलेल्या पिशव्या. गिऱ्हाईक आलं की रईसा माप विचारत नाही. "कुठं चाललात? गाडी कुठं बदलायची हाय? संगं म्हातारं माणूस हाय का?" एवढं विचारते आणि मगच कात्री हातात घेते.

हे विचारणं तिला एका फजितीनं शिकवलं. लग्नानंतर चार वर्षांनी ती सासऱ्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हैदराबादला घेऊन निघाली होती. चार गाठोडी, एक डबा, एक सतरंजी. लातूरला बस बदलताना एक गाठोडं खालीच राहिलं, आणि नेमके त्यातच सगळे रिपोर्ट. डॉक्टरांनी पुढची तारीख देऊन परत पाठवलं. येताना उरलेली गाठोडी सासरेच चाचपडत उचलत होते, तेच तिला जास्त लागलं. घरी येऊन तिनं गळ्यात अडकवता येईल आणि कागद न दुमडता मावतील अशी पिशवी शिवली. पुढच्या खेपेला कुठंच काही चुकलं नाही आणि सासऱ्यांचा डोळाही नीट झाला. ती पिशवी बघून शेजारणीनं तसलीच मागितली, मग तिच्या बहिणीनं, आणि दुकान असं सुरू झालं.

दोन वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, लुंबिनी दुकानात आली. लुंबिनी गावातल्या महिला बचत गटाची अध्यक्ष. गटाच्या गोधड्यांना आणि कारळाच्या चटणीला दिल्लीतल्या एका प्रदर्शनात जागा मिळाली होती. जायच्या होत्या पंधरा जणी, त्यांत रईसाही. तेरा जणींनी रेल्वेचा डबा आतून कधी पाहिलेला नव्हता.

"पंधरा पिशव्या शिवून दे," लुंबिनी म्हणाली. मग स्टूल ओढून बसली. "खरं सांगू का, रईसा? पिशव्यांचं निमित्त हाय. बाया भेल्यात. चौघी नाव काढून घ्यायच्या गोष्टी करून राहिल्यात. घरची माणसं म्हणतात, हरवाल, लुटाल. तू तयारी करून घेतीस का?"

मुज्तबा पलीकडून हसला. "ही सोता हैदराबादच्या पुढं गेली न्हाई. ही काय शिकवणार?"

"म्हणूनच शिकवते," रईसा म्हणाली. "न गेलेल्या बाईला कशाची धास्ती वाटते, ते मला ठाऊक हाय. गेलेल्याला ते आठवत न्हाई."

तिनं तयारी सांगून नाही, करून घेतली. एका रविवारी पंधराही जणींना दिल्लीला न्यायचं ते सगळं सामान घेऊन स्टँडवर बोलावलं. मुरुडहून लातूर, लातूरला गाडी बदलून नांदेडच्या वाटेवरचं विष्णुपुरी. तिथं धरण बघायचं, भाकरी खायची आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. गावानं खूप हसून घेतलं. धरण बघायला ट्रंका कशाला, असं एकानं विचारलंच.

पण त्या एका दिवसात सगळं उघड झालं. सात जणींना आपलं सामान बसच्या पायऱ्या चढवता येईना. लोणच्याची बरणी सांडली आणि दोन लुगड्यांना तेल लागलं. तिघींना गाडी लागली. विष्णुपुरीला धरणाच्या पाण्यासमोर बसून रईसानं एकेकीची पिशवी उघडली.

"जी पिशवी आपल्या शाळेचे दोन जिने चढून वर नेता येत न्हाई, ती दिल्लीला यायची न्हाई. प्रदर्शनाचा माल आधीच पार्सलनं जाईल. मोठी पिशवी सीटखाली जाईल, ती दिल्लीपर्यंत उघडायची न्हाई. गोळ्या, चष्मा, पाणी, भाकरी, एक जोड लुगडं हे मांडीवरच्या लहान पिशवीत. गाडी लागते त्यांनी उपाशी निघायचं न्हाई, पुढच्या सीटवर बसायचं आणि खिडकीतून लांब बघायचं."

सगळ्यांत मोठा घोळ मोजणीचा होता. लुंबिनी दर थांब्यावर पंधरा जणी मोजायची, आणि दर वेळी चौदाच भरायच्या, कारण ती स्वतःला विसरायची. रईसानं तिघी-तिघींचे पाच गट पाडले. "पंधरा मोजायच्याच न्हाईत. परतेकीनं आपल्या दोघी बघायच्या. दोघी दिसल्या की झालं." शिवाय प्रत्येकीला गळ्यात अडकवायला शिवून दिलेल्या बटव्यात एक चिठ्ठी: नाव, गाडीचा नंबर, डबा, सीट आणि दोन फोन नंबर. "आणि चुकामूक झाली तर पळायचं न्हाई. चालत्या गाडीमागं तर अजिबात न्हाई. गणवेशातल्या माणसाला चिठ्ठी दाखवायची आणि तिथंच बसून राहायचं. आम्ही तुमच्याकडं येणार, तुम्ही आमच्याकडं न्हाई."

सिद्धम्मा अव्वा या सगळ्यांत वडीलधाऱ्या, बासष्ट वर्षांच्या, माहेर कर्नाटकाच्या सीमेजवळच्या निलंग्याकडचं, म्हणून सगळ्या त्यांना कानडीतलं अव्वा म्हणत. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ती चिठ्ठी लुंबिनीकडून चार वेळा वाचून घेतली आणि पाठच करून टाकली.

नांदेडहून दिल्लीची गाडी सकाळची होती म्हणून त्या आदल्या दिवशीच नांदेडला लुंबिनीच्या मावशीकडे मुक्कामाला गेल्या. सकाळी स्टेशनात कुणी धावलं नाही, कुणी कुणाला हाका मारल्या नाहीत. डब्यात सगळ्या बसल्या तेव्हा रईसाला पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास गाडी एका मोठ्या स्टेशनात थांबली. सिद्धम्माच्या गटातली एक झोपलेली, दुसरी तोंड धुवायला गेलेली. समोर नळ दिसला, आणि बाटली रिकामी. अव्वा उतरल्या. बाटली भरेपर्यंत गाडी हलली.

"अव्वा न्हाईत!" तोंड धुवून आलेलीनं मिनिटभरात ओळखलं. डब्यात एकच कालवा झाला. कुणी साखळीकडे धावलं, कुणी रडायला लागलं, चार जणींनी घरी लावायला फोन काढले.

रईसानं आवाज चढवला. "कुणीबी फोन लावायचा न्हाई! चिठ्ठीवर माझा आणि लुंबिनीचा नंबर हाय. घरची माणसं आमच्याकडंच फोन लावत बसतील, आमचे दोन फोन मोकळे पायजेत. बसा खाली. अव्वांना काय करायचं ते ठाऊक हाय."

हे बोलताना तिला स्वतःला तेवढी खात्री नव्हती. तिनं तिकीट तपासनीसाला शोधून सगळं सांगितलं आणि फोन दोन्ही हातांत धरून बसली. पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. पलीकडच्या माणसानं हिंदीत विचारलं, तुमच्या एक आजी आमच्या ऑफिसात बसल्यात, चहा पितायत, पुढच्या गाडीनं पाठवू का?

दिल्लीला पोचल्यावर बाकीच्या जणी फलाटावर गोल करून बसल्या. दोन तासांनी दुसरी गाडी आली, आणि एका पोलीस बाईचा हात धरून सिद्धम्मा उतरल्या. हातात भरलेली बाटली. रईसानं त्यांना मिठी मारली आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिथं फुटलं.

"रडू नको गं," अव्वा म्हणाल्या. "पळाले न्हाई मी. चिठ्ठी दावली, बसले. साहेबानं नाव इचारलं, गाडी इचारली, डबा इचारला. चिठ्ठी न बघता सगळं सांगितलं. त्यो म्हणाला, शिकलेली माणसं इतकं सांगत न्हाईत. आणि मला तर खिडकी मिळाली, तुमच्यावानी दाटीत न्हाई आले."

प्रदर्शनात चटणी चौथ्या दिवशीच संपली. पण मुरुडला परतल्यावर चटणीचं कुणी विचारलं नाही. लोक सिद्धम्माच्या ओट्यावर जमले, आणि प्रत्येकाला अव्वांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. ज्या सुनेनं सासूला पाठवायला नको म्हटलं होतं, तीच आता म्हणत होती, "आमच्या आत्याबाई एकट्या दिल्लीला उतरल्या."

मुज्तबा पुढं हसला नाही. गिऱ्हाइकानं पिशवी मागितली की तो आधी सांगायचा, "थांबा, ती बाहेरगावी शिकवायला गेलीय. उद्या येईल."

खरंच तिला बोलावणी यायला लागली होती. गेल्या महिन्यात मुखेडच्या बायांनी बोलावलं. बाजाराचा दिवस, एसटीत उभं राहायला जागा नाही, तरी रईसा एकटीच गेली, एक लहान पिशवी गळ्यात अडकवून. शाळेच्या पटांगणात चाळीस बाया सामानासकट बसल्या होत्या. ओळख करून देणाऱ्या बाईंनी विचारलं, "तुमचं काय सांगू? शिवणकाम करता ना?"

"शिवणकाम करते," रईसा म्हणाली, "आणि प्रवास शिकवते. असंच सांगा."

मग तिनं पदर खोचला, शाळेच्या जिन्याकडे बोट दाखवलं आणि चाळीसही जणींना म्हणाली, "उठा. आपापली पिशवी उचला. दोन जिने वर जायचं हाय."