आधी माशाल्ला, मग चांगलं

औरंगाबादच्या शहागंजात कडूबाची सीताफळांची हातगाडी होती. आपल्याच मालाची निंदा करणारा अख्ख्या बाजारात तो एकटाच फळवाला. गिऱ्हाइकानं "गोड आहेत का?" विचारलं की तोंड वाकडं करून म्हणायचा, "वंगाळ हायती. न्यायची तर न्या." लोकांना वाटायचं, काय प्रामाणिक माणूस! दुपारपर्यंत गाडी रिकामी व्हायची, आणि एवढा खप झाला म्हणून कडूबा आणखीच घाबरायचा.

यात त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली, तेव्हा आईनं, आवडाबाईनं, याचं नावच कडूबा ठेवलं. असलं कडू पोर न्यायला कोण येतंय? तो जगला, आणि आईनं त्याला एकच धडा दिला: चांगल्याला चांगलं म्हणायचं नाही, दृष्ट लागते. त्यानं तो इतका मनावर घेतला की लग्नात बायकोचं तोंड पहिल्यांदा बघून "वंगाळ हाय" म्हणाला. मनकर्णाबाई पंधरा दिवस त्याच्याशी बोलली नाही.

गाडीला लागून गयासचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं. पोलीस ॲक्शननंतर शाळा पुन्हा भरली, तेव्हा ही दोन पोरं एका बाकावर बसली होती. ती जोडी पुढं चाळीस वर्षं फुटली नाही. गयासचं सगळं उलटं. स्टोव्ह पेटला, माशाल्ला. चहात साखर बरोबर पडली, माशाल्ला. तो म्हणाला की कडूबा लगेच "थू थू" करायचा. कुणाला ओळख करून द्यायची झाली तर म्हणायचा, "हा गयास. लई वंगाळ मानूस." गयास हसून आदाब करायचा.

मग कडूबाच्या मुलाला, बन्सीला, लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगी झाली. सून विमल बाळंतपणाला वैजापूरला माहेरी होती. बारशाला कडूबानं पाळण्यात वाकून बघितलं. डोळे भरून आले, आणि तोंडातून निघालं, "वंगाळ हाय. काळीकुट्ट."

मुलगी झाली म्हणून म्हातारा नाक मुरडतो, असंच सगळ्यांना वाटलं. विमल म्हणाली, "मामा, माझ्या भाकरीला आठ वर्सं वंगाळ म्हनलात, ऐकून घेतलं. लेकीला नाय ऐकून घेनार." तीन महिने झाले तरी ती परत आली नाही. बन्सी दोनदा जाऊन हात हलवत आला. कडूबा दुपारचा डबा न उघडताच घरी परत न्यायचा.

शेवटी गयासनं दुकानाची फळी लावली, टोपलीभर सीताफळं घेतली आणि त्याला वैजापूरच्या एसटीत बसवलं. "आता सीख. चांगलं दिसलं की म्हनायचं, माशाल्ला. देवानं दिलं, देव बघून घेईल. नजर लगतीच नई."

"आमच्यात चालतं का ते?"

"नजर काय जात पुसून लागती व्हय?"

कडूबानं खिडकीबाहेर बघून धीर केला. "गाडी चांगली पळती... माशाल्ला."

लासूरजवळ टायर फुटलं.

"बघ!" कडूबा उभाच राहिला. "बघ, म्हनलं नव्हतं?"

"अरे, उलटं बोलला तू! आधी माशाल्ला, मग चांगलं!"

टायर बदलेपर्यंत कडूबा रस्त्याकडेच्या बाभळीला, शेळीला, कंडक्टरच्या टोपीला माशाल्ला म्हणत फिरला. कंडक्टरनं टोपी काढून खिशात घातली.

वैजापुरात विमलचे वडील आप्पासाहेब ओट्यावर बसले होते. ते "या" म्हणाले, पण उठले नाहीत. विमल लेकीला घेऊन दारातच थांबली. पोर कडूबाकडं बघून बोळक्यानं हसली.

"वं..." कडूबाच्या तोंडून निघालं. गयास जोरात खोकला.

"माशाल्ला!" कडूबा ओरडला. "माशाल्ला, माशाल्ला! लई गोड हाय गं माझी नात!" आणि तो मुसमुसून रडू लागला. "मला भ्या वाटतं, पोरी. माझ्या आधीची तिन्ही ऱ्हायली नाय. हिला कुनी नेऊ नये म्हनून म्हनलो गं मी तसं."

विमलनं लेक सासऱ्याच्या मांडीवर ठेवली आणि आत जाऊन आपलं गाठोडं बांधायला घेतलं.

आप्पासाहेबांनी डोळे पुसले, चहा सांगितला, मग विचारलं, "हे सोबतचे पाहुणे कोन?"

"हा गयास," कडूबा सवयीनं म्हणाला, "लई..." आणि थांबला. गयास आदाब करायला हात वर नेत होता.

"माशाल्ला," कडूबा म्हणाला. "लई चांगला मानूस."

गयासचा हात तिथंच राहिला. त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि तोंड फिरवून म्हणाला, "थू थू! नजर लगाता क्या रे?"